‘रिसेंट ट्रेंड्स’चा सेमिनार: एक आकडा धरा आणि तो मोजा

विषयाचं नाव कुठे ‘रिसेंट ट्रेंड्स’, कुठे ‘करंट डेव्हलपमेंट्स’, इंजिनिअरिंगला नुसतंच ‘सेमिनार’. मागणी सगळीकडे सारखीच: संगणकशास्त्रात अलीकडे झालेलं एखादं काम निवडा, त्यावरचे पेपर वाचा, वीस मिनिटं बोला, रिपोर्ट द्या आणि व्हायवाला सामोरे जा. नेमलेलं पुस्तक नसतं आणि मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिकाही कामाला येत नाहीत. मग बहुतेक रिपोर्ट एकाच साच्यातून निघतात: प्रस्तावना, इतिहास, फायदे, तोटे, उपयोग, भविष्य. ब्लॉकचेनवर लिहा नाहीतर क्वांटम कॉम्प्युटिंगवर, मथळे तेच. एक्सटर्नलने (बाहेरून आलेल्या परीक्षकाने) ‘हा आकडा कुठून आला?’ एवढंच विचारलं तरी पंचाईत होते.

इथे दिलेली पद्धत दुसऱ्या टोकाने सुरू होते. कोणीतरी छापलेला एक आकडा धरायचा, तो आपल्या लॅपटॉपवर मोजायचा, आणि मोजण्यासाठी जे जे वाचावं लागेल तो आपला अभ्यास. पुढे सगळीकडे एकच उदाहरण चालवलं आहे: मराठी मजकुराचे टोकन, म्हणजे भाषेचं मॉडेल मजकूर वाचताना त्याचे जे तुकडे पाडतं ते. त्याला जीपीयू लागत नाही, लागणारे पेपर फुकट मिळतात, आणि भाषा आपली असल्याने चूक झाली तर ती डोळ्यांना दिसते.

दावा कसा निवडायचा

‘एआय इन हेल्थकेअर’ हा विषय नव्हे, ते अख्खं खातं आहे. ‘लार्ज लँग्वेज मॉडेल्स: अ सर्व्हे’ हेही तसंच. गाइडकडे जाण्याआधी स्वतःला चार प्रश्न विचारा. दाव्यात आकडा आहे का? तो कोणी, कधी, कशावर मोजला हे लिहिलं आहे का? मोजायचं साधन आपल्या हाती येईल का? आणि हातातल्या तासांत ते काम उरकेल का? प्रात्यक्षिकाच्या हिशेबाने एक क्रेडिट म्हणजे ३० तास, म्हणजे दोन क्रेडिटच्या विषयाला ६० तास. वाचन, लेखन आणि सादरीकरण वजा जाता मोजणीला वीस-पंचवीस तास उरतात. बहुतेक विषय या चौथ्या प्रश्नावरच गळतात. ‘स्वतःचं मॉडेल ट्रेन करू’ हा बेत तर पहिल्याच दिवशी सोडून द्या.

आता आपला दावा. मे २०२४ मध्ये ओपनएआयने जीपीटी-४ओ हे मॉडेल जाहीर करताना त्याच्या नव्या टोकनायझरबद्दल (मजकुराचे टोकन पाडणाऱ्या भागाबद्दल) एक यादी दिली होती. एकच वाक्य वीस भाषांत घेतलेलं, आणि प्रत्येक भाषेपुढे जुने आणि नवे टोकन. मराठीपुढे होतं: ९६ वरून ३३, म्हणजे २.९ पट कमी. इंग्रजीपुढे: २७ वरून २४. हे आकडे जरा फिरवून पाहा. जुन्या टोकनायझरमध्ये तेच वाक्य मराठीत इंग्रजीच्या साडेतीन पट टोकन खात होतं (९६ भागिले २७), नव्यात सुमारे १.४ पट (३३ भागिले २४). एपीआयचं (आपल्या प्रोग्राममधून मॉडेल वापरण्याचं) बिल टोकनवर लागतं आणि मॉडेलची संदर्भमर्यादाही, म्हणजे त्यात एका वेळी किती मजकूर मावतो तेही, टोकनमध्येच मोजतात, तेव्हा हा फरक थेट खिशाचा आहे.

पण आकडा एका वाक्याचा आहे, आणि ते वाक्य म्हणजे मॉडेलने स्वतःची करून दिलेली ओळख. बातमीत, निबंधात, सरकारी परिपत्रकात २.९ टिकतो का? झाला सेमिनारचा प्रश्न. सिनॉप्सिसमध्ये तो एका ओळीत लिहा: ‘मराठीसाठी जाहीर झालेली २.९ पट टोकनबचत हजारभर समांतर वाक्यांवर किती उरते, आणि ती कशामुळे होते?’ मंजुरी द्यायला गाइडला फार विचार करावा लागणार नाही.

नेटवर्क किंवा सिक्युरिटीत रस असेल तर असाच दुसरा प्रश्न हाताशी आहे. १३ ऑगस्ट २०२४ रोजी अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने क्वांटम संगणकापुढे टिकतील अशा क्रिप्टोग्राफीची पहिली तीन मानकं जाहीर केली: फिप्स २०३, २०४ आणि २०५. त्यातल्या एमएल-केम-७६८ या गुप्त किल्ली ठरवण्याच्या पद्धतीची सार्वजनिक किल्ली ११८४ बाइटची, उत्तरादाखल येणारा सायफरटेक्स्ट १०८८ बाइटचा. त्याच कामाच्या आजवरच्या एक्स२५५१९ या पद्धतीला दोन्ही बाजूंनी ३२ बाइट पुरत. ब्राउझर दोन्ही किल्ल्या जोडून पाठवतो तेव्हा १२१६ बाइट होतात. इथरनेटच्या पॅकेटची मर्यादा १५००, त्यामुळे टीएलएसचा (वेबवरच्या सुरक्षित जोडणीचा) पहिलाच निरोप एका पॅकेटमध्ये मावेनासा होतो, आणि काही जुनी मधली उपकरणं तिथेच अडखळतात. वायरशार्क हे पॅकेट पाहण्याचं साधन लावून हे मोजता येतं. अडचण आवृत्तीची: ही मानकं ओपनएसएसएल या क्रिप्टोग्राफीच्या लायब्ररीत ३.५ पासून, म्हणजे एप्रिल २०२५ पासून आली, आणि लॅबमधल्या उबुंटू २४.०४ वर ३.० असतं. सिस्टिमचं ओपनएसएसएल बदलायला जाऊ नका, निम्मी सिस्टिम त्यावर उभी असते. नवी आवृत्ती डॉकर कंटेनरमध्ये वेगळी बांधा.

पेपर शोधणं आणि वाचणं

उलटं चालत जा. आजच्या दाव्यापासून त्याच्या मुळाकडे. टोकनच्या बाबतीत साखळी अशी आहे: १९९४ मध्ये फिलिप गेज यांनी मजकूर दाबून साठवण्यासाठी बाइट-पेअर एन्कोडिंग मांडलं, २०१६ मध्ये सेनरिच, हॅडो आणि बर्च यांनी ते यांत्रिक अनुवादात आणलं, २०२३ मध्ये पेत्रोव आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की तोच मजकूर वेगवेगळ्या भाषांत टोकन करताना लांबीत १५ पटींपर्यंत फरक पडू शकतो. हे तीन आणि आसपासचे तीन-चार, एवढे पेपर नीट वाचलेले असले की पुरे. संदर्भयादीत चाळीस नावं आणि वाचलेला एकही नाही, हे एक्सटर्नलला दुसऱ्या प्रश्नातच कळतं.

कुठे शोधायचं? भाषातंत्रज्ञानाचे जवळपास सगळे परिषद-पेपर एसीएल अँथॉलॉजीवर खुले आहेत, न्यूरिप्सचे तिच्या संकेतस्थळावर, सिस्टिम्स आणि सिक्युरिटीचे यूजनिक्सवर. आयट्रिपलई आणि बड्या प्रकाशकांची नियतकालिकं लागली तर कॉलेज सरकारी आहे की खासगी यावर गोष्ट ठरते. १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेली ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना सरकारी उच्च शिक्षणसंस्थांसाठी आहे. तिच्यात ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं येतात आणि व्यवस्था गांधीनगरचं इनफ्लिबनेट पाहतं. खासगी विनाअनुदानित कॉलेजात असाल तर लेखकाच्या स्वतःच्या पानावरची प्रत शोधा, नाहीतर लेखकाला दोन ओळींची ईमेल करा.

अर्काइव्ह (arXiv) या पेपर खुले ठेवणाऱ्या संकेतस्थळावर पेपर मिळाला म्हणजे तो तपासला गेला असं समजू नका. तिथे पिअर रिव्ह्यू होत नाही. एकाच पेपरच्या तीन-चार आवृत्त्या असू शकतात आणि पहिल्या आवृत्तीतला आकडा तिसरीत बदललेला असू शकतो, म्हणून संदर्भ देताना आवृत्तीचा क्रमांक लिहा. तोच पेपर पुढे कुठल्या परिषदेत स्वीकारला गेला का हे डीबीएलपी या संगणकशास्त्राच्या पेपरांच्या सूचीत पाहा. असेल तर तो संदर्भ द्या.

वाचण्यासाठी एस. केशव यांनी २००७ मध्ये मांडलेली तीन फेऱ्यांची पद्धत अजून कोणी मागे टाकलेली नाही. पहिली फेरी पाच-दहा मिनिटांची: शीर्षक, सारांश, प्रस्तावना, मथळे, निष्कर्ष. दुसरी तासाभराची: आकृत्या, तक्ते, आलेखांचे अक्ष, सिद्धता सोडून द्यायच्या. तिसऱ्या फेरीत पेपर आपणच लिहितो आहोत असं धरून पायरीपायरीने पुन्हा उभा करायचा. नवख्याला चार-पाच तास लागतात. वीस पेपरांना पहिली फेरी, सहांना दुसरी, दोघांना तिसरी, एवढाच हिशेब ठेवा. दुसऱ्या फेरीनंतर प्रत्येक पेपरवर वहीत पाच ओळी: दावा काय, कशावर मोजला, कशाशी तुलना केली, काय मोजलं नाही, आपल्याला काय उपयोग. चौथी ओळ सर्वात मोलाची. व्हायवात तीच कामाला येते.

मोजण्याआधी: टोकन फुटतो कुठे

टोकनायझर अक्षरं पाहत नाही, बाइट पाहतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हीसुद्धा स्वतंत्र चिन्हं असतात. ‘महाराष्ट्र’ म्हणजे म, ह, काना, र, काना, ष, हलन्त, ट, हलन्त, र: दहा चिन्हं, ३० बाइट. रोमन लिपीत तोच शब्द ११ बाइटचा. नेहमी शेजारी येणाऱ्या बाइट-जोड्या एकत्र करत करत शब्दसंग्रह, म्हणजे टोकनायझरच्या ओळखीच्या टोकनांची यादी, तयार होतो. प्रशिक्षणाच्या मजकुरात मराठी कमी असेल तर मराठी जोड्या कमी जुळतात आणि शब्दाचे तुकडे जास्त पडतात. इथवरचं स्पष्टीकरण कुठल्याही ब्लॉगवर मिळेल.

ज्याकडे सहसा कोणी पाहत नाही ती पायरी याच्याही आधीची. बाइट जोडायला घेण्यापूर्वी टोकनायझर एका रेग्युलर एक्स्प्रेशनने (मजकुरातले नमुने शोधणाऱ्या सूत्राने) मजकुराचे ढोबळ तुकडे पाडतो, आणि जोड्या त्या तुकड्याच्या आतच जुळतात. जीपीटी-४ च्या जुन्या संग्रहाची (सीएल१००के बेस) ती एक्स्प्रेशन ‘सलग अक्षरं’ शोधते. युनिकोडच्या लेखी मात्रा आणि हलन्त ‘अक्षर’ या वर्गात येत नाहीत, ते ‘चिन्ह’ या वेगळ्या वर्गात आहेत. म्हणून प्रत्येक मात्रेपाशी नवा तुकडा सुरू होतो. ‘मराठी’चे तीन तुकडे पडतात: मर, मग काना आणि ठ, मग एकटी दीर्घ वेलांटी. ‘महाराष्ट्र’चे पाच. संग्रहात अख्खा शब्द असता तरी तो वापरता आला नसता, कारण शब्द त्याच्यापर्यंत एकसंध पोचतच नाही. नव्या संग्रहाच्या (ओ२००के बेस) एक्स्प्रेशनमध्ये चिन्हांचा वर्ग अक्षरांसोबत घेतला आहे.

म्हणजे बचतीला दोन कारणं झाली. संग्रह सुमारे एक लाखावरून दोन लाखांवर गेला, आणि मात्रेपाशी तुटणं थांबलं. जाहीर आकड्यात दोन्ही मिसळलेली आहेत. ती वेगळी करून दाखवली तर सेमिनारला स्वतःचं काही म्हणणं मिळतं, आणि ते एका रात्रीत होण्यासारखं आहे. कसं, ते खाली.

मोजणी

१. पायथॉनचं वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करा, त्यात पिपने टिकटोकन ही ओपनएआयची टोकन मोजायची लायब्ररी बसवा, आणि तिची नेमकी आवृत्ती वहीत लिहा. पहिल्यांदा चालवताना ती शब्दसंग्रहाची फाइल नेटवरून उतरवते. कॉलेजच्या प्रॉक्सीमागे इथेच गाडी अडते. घरी किंवा हॉटस्पॉटवर एकदा उतरवून घ्या आणि टिकटोकनच्या कॅशे फोल्डरचा पत्ता एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये देऊन ठेवा. मग लॅबमध्ये नेट लागत नाही.

२. सगळ्यात आधी ओपनएआयने छापलेलं मराठी वाक्य घ्या आणि ९६ व ३३ येतात का पाहा. आले तर तुमचं साधन बरोबर आहे. न आल्यास पुढे जाऊ नका. कॉपी करताना सुरुवातीला-शेवटी जागा किंवा अवतरणचिन्ह आलं आहे का, नव्याऐवजी जुनाच संग्रह दोनदा वापरला आहे का, ते शोधा.

३. फ्लोरेस-२०० हा समांतर वाक्यांचा संच घ्या. त्याच्या डेव्हटेस्ट भागात १०१२ वाक्यं आहेत, मराठी आणि इंग्रजी फाइलची प्रत्येक ओळ एकमेकींशी जुळते. दोन्ही फाइल वाचून ओळी मोजा. १०११ किंवा १०१३ आल्या तर शेवटची रिकामी ओळ किंवा तुटलेली ओळ आहे. तशीच जोडी लावली तर पुढची प्रत्येक जोडी सरकते आणि एकूण बेरीज मात्र ठीकच दिसते. विंडोजवर फाइल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ आहे हे स्पष्ट लिहा. नाहीतर एकतर एरर येते (हे बरं), किंवा मराठीऐवजी चित्रविचित्र रोमन चिन्हं वाचली जातात आणि टोकन त्यांचे मोजले जातात (हे वाईट, कारण काहीच अडत नाही).

४. मजकुरावर युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन चालवा, ते एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करतं. पण मराठीत तेवढ्याने भागत नाही. ‘ॲप’मधला ॲ एकाच चिन्हाने लिहिता येतो किंवा अ आणि चंद्र अशा दोन चिन्हांनी, एक तीन बाइटचा, दुसरा सहा, दिसायला सारखेच, आणि एनएफसी त्यांना एक करत नाही. अर्ध्या र चंही तसंच. ‘दऱ्या’ हा शब्द ऱ वापरून लिहितात, किंवा साधा र, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर वापरून. दुसऱ्या प्रकारात तो जॉइनर ‘कचरा’ समजून काढून टाकलात तर ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. डोंगरातून थेट समुद्रात. साफसफाईच्या तयार स्क्रिप्ट बहुतेक इंग्रजीसाठी लिहिलेल्या असतात आणि नेमकं हेच करतात. दोन्ही रूपं किती वेळा येतात ते मोजून रिपोर्टमध्ये लिहा, बदलायचं असेल तर एकाच रूपाकडे आणा.

५. प्रत्येक ओळीसाठी सहा रकाने: मराठी बाइट, मराठी शब्द, मराठी टोकन जुन्या आणि नव्या संग्रहात, इंग्रजी टोकन जुन्या आणि नव्या संग्रहात. प्रत्येक ओळ टोकनमधून परत मजकुरात आणा आणि मूळ ओळीशी तंतोतंत जुळते का तपासा. एकही ओळ चुकता कामा नये. सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडणार असाल तर बीओएमसह (फाइलच्या सुरुवातीच्या एन्कोडिंगच्या खुणेसह) यूटीएफ-८ मध्ये साठवा, नाहीतर मराठीची चिन्हं विस्कटतात आणि गाइड म्हणतात ‘फाइल करप्ट आहे’. मोजणी साध्या लॅपटॉपवर काही सेकंदांत संपते.

६. बचत दोन प्रकारे काढता येते: एकूण जुने टोकन भागिले एकूण नवे, किंवा प्रत्येक वाक्याचं गुणोत्तर काढून त्यांचा मध्यक. पहिल्यात लांब वाक्यांचं वजन जास्त, दुसऱ्यात सगळी वाक्यं समान. कुठलं वापरलं ते लिहा. शक्यतो दोन्ही द्या. सोबत बूटस्ट्रॅप करा: १०१२ ओळींतून परत-परत (एकच ओळ पुन्हा आली तरी चालेल अशा रीतीने) १०१२ ओळी उचला, गुणोत्तर काढा, हे हजार वेळा करा, निकाल चढत्या क्रमाने लावा, वरखालचे २५-२५ सोडा. राहिलेली दोन टोकं म्हणजे ९५ टक्क्यांचा पट्टा. २.९ त्या पट्ट्यात आहे का, एवढंच तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर.

७. आता कारणं वेगळी करायची. टिकटोकनमध्ये शब्दसंग्रह आणि रेग्युलर एक्स्प्रेशन हे दोन स्वतंत्र भाग देऊन स्वतःचा टोकनायझर उभा करता येतो. नवा संग्रह घ्या, एक्स्प्रेशन मात्र जुनी लावा, आणि त्याच १०१२ ओळी पुन्हा मोजा. या मिश्र टोकनायझरचा आकडा दोन टोकांच्या मध्ये कुठे बसतो त्यावरून मात्रेपाशी तुटण्याचा वाटा कळतो. एक सावधगिरी: नवा संग्रह त्याच्या स्वतःच्या एक्स्प्रेशनवर तयार झालेला आहे, तेव्हा हा मिश्र टोकनायझर ‘असा केला असता तर काय झालं असतं’ याचं पूर्ण उत्तर देत नाही. हे वाक्य रिपोर्टमध्ये आपणहून लिहा, एक्सटर्नलने काढण्याआधी.

वेळ उरला तर इतर मॉडेलांचे टोकनायझर जोडा, पण दोन खड्डे आहेत. लामा आणि जेमा या मॉडेलांच्या फाइलींसाठी हगिंग फेस या मॉडेलं मिळण्याच्या संकेतस्थळावर परवाना मान्य करून परवानगी घ्यावी लागते, आदल्या रात्री आठवून उपयोग नाही. आणि बर्ट या जुन्या मॉडेलच्या घराण्यात टोकन कमी दिसले म्हणून हुरळून जाऊ नका. तिथे ज्या शब्दाचे ओळखीचे तुकडे पाडता येत नाहीत त्या अख्ख्या शब्दाला एकच ‘अननोन’ टोकन मिळतो, मजकूर हरवतो आणि संख्या छान दिसते. बहुभाषिक बर्टची अनकेस्ड आवृत्ती तर उच्चारचिन्हं समजून उकार, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त पुसूनच टाकते. ‘कुत्रा’ जाऊन ‘कतरा’ उरतो. त्यामुळे तिथेही मजकूर परत आणून पाहायची पायरी गाळू नका.

फ्लोरेसबद्दलही एक गोष्ट नोंदवायला हवी. त्यातली मराठी वाक्यं इंग्रजी विकिन्यूज, विकिव्हॉयेज वगैरेंतून अनुवादित आहेत. परकी नावं भरपूर, बोलीचा वास नाही. म्हणून शे-दोनशे मूळ मराठी वाक्यं मराठी विकिपीडियावरून घ्या. त्यांना समांतर इंग्रजी नसेल, पण जुन्या-नव्या संग्रहाची तुलना तरीही करता येते. मित्रांच्या व्हॉट्सॲप गटातला मजकूर वापरू नका. तो दुसऱ्यांचा आहे. जुन्या पीडीएफमधून वाक्यं उचलणार असाल तर आधी एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये बसवलेली मराठी तिथे रोमन अक्षरांचा गोंधळ म्हणून उतरते.

रिपोर्ट

लांबी कॉलेज ठरवतं, क्रम तुम्ही ठरवा: दावा, तो का महत्त्वाचा, आधीचं काम, मोजणीची रीत, निकाल, उणिवा. ‘भविष्यातील वाव’ हा मथळा सक्तीचा असेल तर त्यात तुम्हाला मोजायचं होतं पण जमलं नाही ते लिहा; ‘या क्षेत्रात प्रचंड संधी आहेत’ लिहून पान भरू नका. निकाल २.९ पेक्षा वेगळा आला म्हणजे ओपनएआय खोटं बोललं असं होत नाही. त्यांनी एक वाक्य दिलं होतं आणि एकच वाक्य असल्याचं तिथे दिसतही होतं.

लेटेकमध्ये लिहीत असाल तर पीडीएफलेटेकवर देवनागरी चालत नाही. ओव्हरलीफच्या मेनूत कंपायलर झीलेटेक निवडा आणि नोटो सेरिफ देवनागरी किंवा मुक्ता यांसारखा युनिकोड फॉन्ट द्या. लुआलेटेक वापरायचं असल्यास फॉन्टसाठी हार्फबझ रेंडरर सांगावा लागतो, नाहीतर जोडाक्षरं सुटी पडतात आणि ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या बाजूला जाते. मॅटप्लॉटलिबच्या आलेखातही हाच घोळ होतो. सोपी वाट म्हणजे आलेखावर नुसते क्रमांक द्या आणि मराठी शब्द खाली चित्रओळीत लिहा.

नक्कल तपासणीला घाबरण्याचं कारण नाही, पण नियम माहीत असू द्या. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतचं साम्य किरकोळ धरलं आहे. १० ते ४० टक्के असेल तर प्रबंध सुधारून पुन्हा द्यावा लागतो, ४० ते ६० ला वर्षभर सादर करता येत नाही, ६० च्या वर नोंदणीच रद्द. अवतरणचिन्हांत घेतलेला, संदर्भ दिलेला मजकूर आणि संदर्भयादी यातून वगळतात. सेमिनारच्या रिपोर्टला कॉलेज याहून कडक मर्यादा लावू शकतं, ती आधी विचारा. वाक्यं इकडेतिकडे फिरवून टक्का खाली आणण्याची धडपड रिपोर्ट वाचताना कळते. स्वतः मोजलेल्या निकालांचं प्रकरण मोठं असलं की टक्का आपोआप खाली येतो.

चॅटबॉटची मदत घेतली असेल तर कशासाठी ते एका परिच्छेदात सांगा. संदर्भ मात्र त्याच्याकडून घेऊ नका. शीर्षक खरं वाटतं, लेखकही खरे असतात, आणि असा पेपर कधी लिहिलाच गेलेला नसतो. यादीतला प्रत्येक डीओआय (पेपरचा कायमचा ओळखक्रमांक) स्वतः उघडून पाहा. पंधरा संदर्भांना वीस मिनिटं लागतात.

सादरीकरण आणि व्हायवा

वीस मिनिटांना बारा स्लाइड खूप झाल्या. पहिल्या दोन मिनिटांत दावा आणि तुमचा आकडा दोन्ही सांगून टाका; उत्सुकता ताणायची ही जागा नव्हे. तिसऱ्या स्लाइडवर ‘मराठी’ शब्दाचे तीन तुकडे मोठ्या अक्षरांत दाखवा, खोलीतल्या प्रत्येकाला विषय तिथेच कळतो. मजकूर २४ पॉइंटपेक्षा लहान नको. लॅबच्या संगणकावर तुमचा फॉन्ट नसणार हे धरून चाला आणि पीपीटीसोबत फॉन्ट एम्बेड केलेली पीडीएफ पेनड्राइव्हवर ठेवा. टोकनायझर प्रत्यक्ष चालवून दाखवायचा असेल तर नेट बंद करून घरी एकदा चालवून पाहा.

प्रश्न साधारण ठरलेले असतात. ‘टोकन कमी झाले म्हणजे मॉडेलला मराठी चांगलं येतं का?’ नाही. खर्च कमी होतो आणि त्याच मर्यादेत जास्त मजकूर मावतो. उत्तराची गुणवत्ता वेगळी मोजावी लागते आणि ती तुम्ही मोजलेली नाही, असं सरळ सांगा. ‘मग शब्दसंग्रह दहा लाखांचा का करत नाहीत?’ कारण प्रत्येक टोकनला मॉडेलमध्ये स्वतःचा व्हेक्टर (आकड्यांची यादी) लागतो, शेवटच्या थरात प्रत्येक पायरीला सगळ्या टोकनांची संभाव्यता काढावी लागते, आणि क्वचित येणारे टोकन धड शिकलेही जात नाहीत. ‘प्रत्येक अक्षराला एक टोकन का नको?’ मग वाक्याची लांबी वाढते आणि अटेन्शनचा (प्रत्येक टोकन इतर टोकनांशी ताडून पाहण्याचा) खर्च लांबीच्या वर्गाने वाढतो. ‘यात तुमचं स्वतःचं काय?’ याला सातव्या पायरीतला मिश्र टोकनायझर पुढे करा.

सबमिशनच्या दिवशी स्पायरल बाइंडिंगच्या दोन प्रती, आणि एका फोल्डरमध्ये स्क्रिप्ट, सीएसव्ही, लायब्रऱ्यांच्या आवृत्त्यांची यादी आणि मोजणीची तारीख. सहीची पानं आदल्या आठवड्यातच गाइडसमोर ठेवा, शेवटच्या दिवशी अख्खा वर्ग त्यांच्या केबिनबाहेर उभा असतो.